यांचा पत्ता कळवा

आपल्या माजी विद्यार्थी संघाच्या बातमीपत्रात पहिल्या पानावर बातम्या असतात आणि आतल्या पानावर संधी. कोणाचं प्रदर्शन लागलं, कोण निवृत्त झालं, कोण गेलं, हे बाहेर. कुठल्या शाळेला चित्रकला शिक्षक हवा आहे, कोणाला नेपथ्यासाठी माणूस हवा आहे, हे आत. आणि शेवटच्या पानावर, खाली उजवीकडे, एक छोटी चौकट. ‘यांचा पत्ता कळवा’. ज्यांचा ठावठिकाणा संघाला लागलेला नाही अशांची नावं त्यात येतात. ही चौकट सत्तावीस वर्षं मी लिहिली.

त्यातलं एक नाव पहिल्या अंकापासून आहे. त्या माणसाचा पत्ता मला पहिल्या अंकापासून ठाऊक होता.

हा मजकूर मी चार वेळा लिहून फाडला आहे. पहिल्या खर्ड्यात बहाणे फार होते. दुसऱ्यात मी स्वतःला इतकं झोडपलं होतं की वाचणाऱ्याला माझीच दया यावी, आणि ते मला नको आहे. या वेळी जे जसं घडलं तसं क्रमाने सांगतो. त्या माणसाचं नाव मात्र इथे घालत नाही. ती त्याचीच अट आहे. कारण पुढे येईल.

आपली चित्रशाळा तेव्हा ठाण्याच्या नौपाड्यात दुसऱ्या मजल्यावर होती. खाली दातांचा दवाखाना. जिन्यात टर्पेंटाइन आणि लवंगेच्या तेलाचा एकत्र वास यायचा. तो माणूस आणि मी शेवटच्या वर्षाला होतो. तो बाळकुमचा, खाडीवर मासेमारी करणाऱ्या घरातला. सकाळी होडीवरून परत येऊन, अंघोळ करून वर्गात बसायचा, तरी बोटांना खाडीचा वास असायचाच. मुली नाक मुरडायच्या. तो म्हणायचा, “तुमच्या घरी आईतवारी जो बांगडा येतो ना, त्याला इचारा ह्या वासाचा भाव.”

वार्षिक प्रदर्शनासाठी निसर्गचित्र द्यायचं होतं. आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईने भाकरी आणि सुकटाची चटणी दिली आणि आम्ही बांधावर शेजारी शेजारी बसलो. एकच होडी, एकच पाणी, दोन कागद. ओहोटी लागताच त्याने ब्रश धुतला. “पाण्याचा रंग बदलला. आता जे काढशील ते उद्याचं चित्र,” म्हणाला. मी दुपारपर्यंत काढत राहिलो. माझ्या चित्रात होडीवरचा प्रत्येक दोर दिसत होता.

शाळेचा नियम असा होता की चित्रावर पुढच्या बाजूने सही करायची नाही, परीक्षकांना नाव दिसता कामा नये. नाव, हजेरी क्रमांक आणि पत्ता चित्राच्या पाठीवर पेन्सिलीने लिहायचा. मग चित्र खळीने माउंटबोर्डावर चिकटवायचं आणि बोर्डाच्या पाठीला लेबल लावायचं. एकदा चित्र चिकटलं की पेन्सिलीने लिहिलेलं आत बंद होतं. त्यानंतर लेबल सांगेल तेच खरं.

माउंट करण्यात माझा हात चांगला होता. अर्धा वर्ग माझ्याकडे चित्रं द्यायचा. आमची दोन चित्रं मी चिकटवली, बोर्ड पालथे घातले, वर दगड ठेवले आणि चहाला गेलो. तेवढ्यात शिपाईमामांनी झाडू मारायला म्हणून सगळे बोर्ड दुसऱ्या टेबलावर हलवले. मी परत आलो आणि लेबलं लावून टाकली. डावीकडचं माझं, उजवीकडचं त्याचं. नवशिक्याने उलटून पाहिलं असतं. मी पन्नास-साठ माउंट केलेला माणूस, मला उलटून पाहण्याची गरज वाटली नाही.

ती चूक होती. इथपर्यंत ती फक्त चूक होती.

प्रदर्शनाच्या दिवशी पहिल्या बक्षिसाची लाल फीत त्याच्या होडीला लागली होती आणि खाली माझं नाव होतं. मी तिथे उभा असताना मुख्य सर आले. त्यांनी कोणाच्या पाठीवर हात ठेवल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं. माझ्या पाठीवर ठेवला. “होडी पाण्यात बसलीय रे. तुमची सगळ्यांची पाण्यावर ठेवलेली असते. ही बसलीय.”

मी “हो सर” म्हणालो.

तो प्रदर्शनाला आलाच नव्हता. वडिलांना अर्धांगाचा झटका आला होता आणि होडीवर त्याला जावं लागत होतं. आठ-दहा दिवसांनी शाळा सोडत असल्याचं सांगायला आला. मला जिन्यातच गाठलं.

“काय रे, लागला का नंबर आपल्यात कुणाला?”

“नाही.”

“दोघांनाही नाय?”

“दोघांनाही नाही.”

“मग परीक्षक आंधलं होतं,” तो हसला. “आन चित्रं?”

“शाळेने ठेवून घेतली.”

“राहूं दे. घरात भिंत कुठं हाय मोकली,” म्हणाला आणि खाली उतरला. वर सभागृहात त्याचं चित्र लागलेलं होतं. वीस पायऱ्या चढला असता तर दिसलं असतं.

त्या प्रमाणपत्राच्या आधारावर मला डोंबिवलीच्या एका शाळेत नोकरी लागली. मुलाखतीत त्यांनी दुसरं काही फारसं पाहिलं नाही. तिथूनच मी निवृत्त झालो. माझ्या हातून बरे विद्यार्थी घडले, हे मी पूर्वी मनाशी पुष्कळदा म्हणून पाहिलं आहे. त्याने काही हलकं होत नाही.

पुढे संघ स्थापन झाला. बातमीपत्राचं काम कोणाला नको होतं, ते मी अंगावर घेतलं. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. पहिल्या अंकासाठी पत्त्यांची यादी करायला बसलो आणि त्याच्या नावाशी पेन थांबलं. अंक गेला तर तो स्नेहसंमेलनाला येणार. स्नेहसंमेलन शाळेच्या सभागृहात, आणि सभागृहाच्या भिंतीवर ती होडी. मी त्याचं नाव चौकटीत टाकलं. या एका अंकापुरतं, असं स्वतःला सांगितलं. पुढच्या अंकाला चौकट तयारच होती. नुसती उतरवून काढायची होती.

एवढ्यावर थांबलं असतं तरी पुष्कळ होतं. पण एका वर्षी संघाला कल्याणहून एक पत्र आलं. तिथे नव्या सभागृहाच्या एका भिंतीवर खाडीकाठच्या लोकांच्या जगण्याचं मोठं चित्र हवं होतं. खाडीवर जन्मलेला, त्यातच वाढलेला चित्रकार मिळाला तर फार बरं, असं त्यांनी मुद्दाम लिहिलं होतं. आपल्या संपर्कात असं कोणी आहे का? इतकं नेमकं एका माणसाला उद्देशून पत्र मी नंतर कधी पाहिलं नाही. मी ते संधीच्या पानावर छापलंही नाही. कोणीतरी त्याची आठवण काढली असती. उत्तर लिहिलं: ‘सध्या संपर्कात कोणी नाही.’ खाली सही केली, शिक्का मारला.

आता या वर्षाकडे येतो. बातमीपत्र गेल्या वर्षापासून आपली एक माजी विद्यार्थिनी पाहते. डोंबिवलीतच राहते, माझ्यापेक्षा चाळीस वर्षांनी लहान. जुन्या विद्यार्थ्यांच्या कामाचं प्रदर्शन आणि त्यासोबत विशेष अंक, ही तिची कल्पना. एका सकाळी तिचा फोन आला.

“सर, कव्हर फायनल झालं. तुमची होडी.”

“अगं, जुनं झालंय ते.”

“म्हणूनच तर! फक्त बोर्डाला बुरशी लागलीय. आमच्यातला एक जण पाण्याने सोडवून नवा माउंट करून देतोय.”

पाण्याने सोडवलं की पाठीवरची पेन्सिल दिसणार.

“मी सोडवतो,” मी म्हणालो. “माझ्या घरी पाठव.”

“सर, राहू द्या ना, तुमचे हात थरथरतात.”

“माउंट करताना नाही थरथरत.”

तिला वाटलं, म्हाताऱ्याचा जीव अडकलाय आपल्या चित्रात. तिने पाठवलं.

हे स्पष्ट लिहिलेलं बरं. पुढे मी सगळं कबूल केलं ते सद्बुद्धी सुचली म्हणून नव्हे. पकडला जाणार होतो म्हणून. चित्र दोन दिवस कपाटावर पडून होतं आणि मी घरात येरझारा घालत होतो. गॅलरीतून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून गॅलरी. बायको म्हणाली, “अहो, बसा तरी, नाहीतर दळण तरी आणा.”

तिसऱ्या दिवशी दुपारी, बायको आत आडवी झालेली असताना, मी जेवणाच्या टेबलावर चित्र पालथं घातलं आणि ओल्या फडक्याने बोर्ड भिजवत गेलो. जुनी खळ चांगली असते, पाणी लागलं की मुकाट सुटते. तासाभरात बोर्डाचे थर सुटले, शेवटचा पापुद्रा बोटाने ओढला आणि पेन्सिलीतलं अक्षर जसंच्या तसं वर आलं. त्याचं नाव. हजेरी क्रमांक. खाली पत्ता, मुक्काम बाळकुम. दरवर्षी त्या सभागृहात उभं राहून मी माइकवरून विचारत होतो, चौकटीतल्या नावांपैकी कोणाचा पत्ता कोणाला माहीत आहे का? आणि पत्ता माझ्या मागे भिंतीवर लटकत होता.

मी कागद सुकू दिला. मग खोडरबर घेतलं. होय, घेतलं. ओला कागद खोडला तर फाटतो, हे मला ठाऊक होतं, म्हणून सुकायची वाट पाहिली. इतका विचार केला होता.

“काय चाललंय?” बायको मागे येऊन उभी होती. तिने चष्मा लावला आणि वाकून वाचलं. “अहो, हे नाव तर त्या चौकटीतलं.”

बातमीपत्राच्या घड्या तिने घातल्या आहेत, तिकिटं तिने चिकटवली आहेत. सत्तावीस वर्षं ते नाव तिच्या डोळ्यांखालून गेलं होतं.

“आणि पत्ता आहे की इथे. बाळकुम! मग इतकी वर्षं गावभर विचारत काय होतात?” मग तिला माझ्या हातातलं खोडरबर दिसलं. ती खुर्चीवर बसली. “हे कशाला?”

मी तिला सगळं सांगितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि सगळं मिळून पंधरा मिनिटं लागली. तिने माझ्या हातातून खोडरबर काढून घेतलं आणि म्हणाली, “चप्पल घाला.”

“आत्ता? ऊन केवढं आहे.”

“तुम्हाला उन्हाचं पडलंय?”

मी एकटाच निघालो. ठाण्याला उतरून रिक्षा केली. मी बाळकुम म्हणालो तर रिक्षावाल्याने कुठला टॉवर म्हणून विचारलं. मी त्याचं नाव सांगितलं. “होड्यांवर नंबर लिहिणारे तात्या? मग असं बोला ना,” म्हणाला आणि निघाला. त्याने मला दोन उंच इमारतींच्या मधल्या गल्लीतून थेट खाडीपाशी नेलं. पत्ता शोधायला याहून जास्त कष्ट लागत नव्हते.

तो एका उलट्या घातलेल्या होडीपाशी स्टुलावर बसून पांढऱ्या रंगाने आकडे काढत होता. पट्टी नाही, दोरी नाही, नुसत्या हाताने. मला पाहून ब्रश थांबवला नाही. मी डोंबिवलीत शिक्षक झाल्याचं त्याच्या कानावर गेलेलं असावं.

“मास्तर! डोंबिवलीवाला मास्तर,” म्हणाला. “कोण गेला?”

“कोणी नाही.”

“मग? आपल्या वयात दुसरं कशाला येतात लोक?”

मी चित्राची गोष्ट सांगितली. मोबाइलवर फोटो दाखवला. त्याने हात पुसून फोन घेतला, लांब धरला, जवळ धरला. “हां, माझीच. ही होरी माझ्या मामाची होती.” होरी म्हणजे होडी, त्यांच्याकडे तसंच म्हणतात. “बक्षीस काय दिलं तुला?”

“प्रमाणपत्र आणि रंगांची पेटी.”

“पेटी संपली?”

“केव्हाच.”

“मग संपला विषय. मी तशीबी शाला सोडलीच असती, बाप पडला होता. आनून दे एखादी पेटी,” आणि तो मोठ्याने हसला.

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं असं मला वाटलं, आणि त्या भरात मी चौकटीचं सांगितलं. त्याचं हसू तिथेच थांबलं.

“काय छापत होतास?”

“यांचा पत्ता कळवा.”

“कुणाला इचारत होतास? रिक्षावाल्याला ठाऊक मी कुठं हाय. बापाचं घर हितं, आज्याचं घर हितं. आजूबाजूची शेतं गेली, मिठागरं गेली, बिल्डिंगी आल्या, लोक हललं. मी नाय हललो.” त्याने ब्रश डब्यात टाकला. “आन तू मला हरवलेला केलास. तो कागद किती घरांत जायचा?”

मी सांगितलं. आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी कल्याणच्या पत्राचंही सांगितलं. समोर बांधकामाची एक लिफ्ट वर जाऊन खाली आली.

“भिंत केवढी होती?”

“काय?”

“भिंत. लांबी किती, उंची किती?”

“माहीत नाही.”

“पत्रात असंल.”

“असेल. आठवत नाही.”

“जा, मोजून ये.” त्याने पुन्हा ब्रश उचलला. मी म्हणालो की हे सगळं मी अंकात लिहिणार आहे, त्याच्या नावासकट. त्यावर तो वळला. “लेखात माझं नाव नको. तो तुझ्या पापाचा लेख, त्याच्यात मला कशाला बसवतोस? चित्राच्या खाली लिही. मोठं लिही.”

चहा विचारला नाही. ज्या घरात आम्हाला भाकरी मिळाली होती, ते घर तिथून दिसत होतं. मी रिक्षापर्यंत चालत गेलो. रिक्षावाल्याकडे तात्यांचा मोबाइल नंबर होता, तो लिहून घेतला.

संपादिकेला मी दुसऱ्या दिवशी घरी बोलावून सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं. तिने हातातली वही मिटली. मग म्हणाली, “सर, माझी पहिली नोकरी मला तुमच्या संधीच्या पानावरून लागली. मी सगळ्यांना सांगत असते की सरांनी माझं भलं केलं. आता कुठलं पत्र तुम्ही छापलं आणि कुठलं नाही, ते मी कसं समजू?” असं दुसरं पत्र नव्हतं, हे मी तिला सांगितलं. ते खरं आहे. पण ते खरं आहे हे आता फक्त मीच सांगणार, हेही आहेच.

कल्याणच्या सभागृहात मी शाळेतली जुनी मापनपट्टी घेऊन गेलो. तिथे आता लग्नं लागतात. ती भिंत कोरीच राहिली आहे. फिकट पिवळा रंग, फलक लावायचे खिळे, उजव्या कोपऱ्यात खुर्च्यांचे उंच ढीग. पहारेकऱ्याने विचारलं, “काय मोजताय, आजोबा? पडदे लावायचेत?” मी म्हटलं, “एकाला सांगायचंय केवढी आहे.” त्याला ते पुरेसं वाटलं असावं. त्याने पट्टीचं दुसरं टोक धरलं. लांबी चोवीस फूट, उंची नऊ.

ते आकडे मी त्याला मोबाइलवर पाठवले. नमस्कार लिहिला नाही, क्षमा लिहिली नाही. नुसते आकडे.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ‘उंची कमी. डोलकाठी बसली नसती.’

मला वाटलं, संपलं. त्याने माझ्यावरचं ओझं थोडं काढून घेतलं, चित्र झालंच नसतं असं म्हणतोय. दोन दिवस मला बरी झोप लागली. मग सकाळी दुसरा निरोप आला. ‘होरी किनाऱ्याला ओढलेली घेतली असती. डोलकाठी काढून आडवी. मग बसते.’ दुपारी तिसरा. ‘डावीकडे बायका. सुकट वाळत घालतात. पाठमोऱ्या.’ त्यानंतर रोज एक-दोन येत आहेत. कुठे पाणी येईल, माणसं किती, आभाळ किती ठेवायचं. त्यात मला उद्देशून एक शब्द नाही. मी उत्तर काय लिहू? फोन वाजला की उठतो, वाचतो, गॅलरीत जाऊन उभा राहतो. बायको विचारते, “आज काय काढलं त्यांनी?” मी सांगतो.

या अंकाच्या मुखपृष्ठावर ती होडी आहे आणि तिच्याखाली तिच्या चित्रकाराचं नाव आहे, त्याने सांगितलं तसं मोठं. ते बक्षीस त्याचं होतं. माझं चित्र शाळेच्या माळ्यावर त्याच्या नावाच्या लेबलासह सापडलं. तेही आता दुरुस्त केलं आहे. शेवटच्या पानावरच्या चौकटीत या वेळी एक नाव कमी आहे. उरलेल्यांचे पत्ते मला खरोखरच ठाऊक नाहीत. कोणाला ठाऊक असतील तर नव्या संपादिकेला कळवा, मला नको.

अंक उद्या छपाईला जाईल. काल त्याचा निरोप आला. ‘त्या भिंतीला खिडकी हाय का? असंल तर उजेड तिकडून घ्यावा लागंल.’ उजव्या कोपऱ्यात खुर्च्या पार छतापर्यंत रचलेल्या होत्या. त्यांच्या मागे काय आहे ते मी पाहिलंच नाही. उद्या सकाळी पुन्हा कल्याणला जातो आहे.